नानांचा गुरुवार

नोकरीच्या काळातील बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा आणि कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे मला थांबून आठवावे लागते. परंतु नांदेड जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला असलेल्या एका प्राचीन गावात जे घडले, ते आठवण्यासाठी मला कधीच प्रयत्न करावा लागला नाही. गावाचे नाव मी सांगणार नाही, माणसांचीही नाही. त्यांतील काही जण हयात आहेत आणि आपापल्या देवस्थानी सुखाने आहेत.

मी मूळचा लातूरकडचा. औशाच्या एका पाठशाळेत शास्त्रीबुवांच्या हाताखाली अमरकोश आणि रूपावली घोकल्या, मग पदवी घेऊन पोलीस खात्यात आलो. पूजा-अर्चा आणि खाकी वर्दी यांची सांगड कशी घालता, असे पुष्कळांनी विचारले. मला त्यात कधी अडचण वाटली नाही. दोन्हीकडे लक्ष ठेवावे लागते, आणि दोन्हीकडे घाई केली की फळ हातचे जाते.

त्या गावच्या ठाण्यात पोलीस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा गावाची रचना समजून घेण्यातच माझे पहिले काही दिवस गेले. शिखरावर देवीचे मंदिर. समोरच्या सोंडेवर एका पिरांचा दर्गा. उतारावर महानुभावांचा मठ. कड्याच्या पोटात कोरलेली जुनी लेणी, जिथे पायथ्याच्या वस्तीतील बौद्ध मंडळी पौर्णिमेला वंदनेसाठी चढून जात. या चारही ठिकाणांच्या वाटा एका सपाट माळावर एकत्र येत. त्याला विसाव्याचा माळ म्हणत. दसऱ्याला देवीची पालखी तेथे टेके, आणि उरुसात दर्ग्याचा संदलही, म्हणजे चंदनाच्या लेपाची मिरवणूकही, त्याच दगडावर टेके. रीत अशी होती की, माळापासून दर्ग्यापर्यंत संदलाचे ताट देवीच्या पुजाऱ्याने डोक्यावर न्यायचे, आणि दसऱ्याला पालखीपुढची मशाल दर्ग्याच्या मुजावराने धरायची. ही रीत कोणी घातली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती पाळली मात्र सगळ्यांनी होती.

माळावर वाद निर्माण झाला तो अलीकडे. गावात पर्यटक वाढले, रस्ता रुंद झाला आणि जमिनींचे व्यवहार करणारे एक गृहस्थ पुढे सरसावले. गाव त्यांना शेठ म्हणे. माळाला लागून असलेले रान त्यांनी घेतले आणि माळही आपल्याच हद्दीत येतो, असा दावा प्रांत कार्यालयात दाखल केला. तेथे निवासस्थाने आणि उपाहारगृह बांधण्याचा त्यांचा विचार होता. सुनावणीत सर्व पक्षांनी एक गोष्ट मान्य केली. माळाची वहिवाट कशी होती हे देवीचे थोरले पुजारी सांगतील, आणि ते सांगतील ते सर्वांना मान्य असेल. ऐंशीच्या घरातले हे पुजारी. सगळे गाव त्यांना नाना म्हणे. नानांच्या तोंडून असत्य निघत नाही, याविषयी चारही धर्मस्थळांचे एकमत होते. असे एकमत त्या गावात दुसऱ्या कोणाविषयी नव्हते.

सुनावणी तोंडावर आली असताना एका मंगळवारी नाना बेपत्ता झाले.

पहाटेची पूजा करून ते पायऱ्या उतरले आणि घरी पोहोचलेच नाहीत. त्यांच्या पुतण्याने ठाण्यात येऊन माणूस हरवल्याची नोंद केली. आम्ही दरी, विहिरी, पडक्या बुरुजांचे तळ, सर्व पाहिले. नानांजवळ मोबाईल नव्हता. पायऱ्यांवरचा कॅमेरा मुंग्यांनी आधीच निकामी केलेला होता. दुपारपर्यंत गावात एक बातमी फोनाफोनी पसरली: नाना दर्ग्याच्या विरोधात साक्ष देणार होते, म्हणून मुजावराने त्यांना गायब केले. बातमी कोणी सोडली हे कोणी सांगेना. संध्याकाळी मुजावराच्या घरचे दूध बंद झाले. बाजारात त्याच्या सुनेला कोणी भाजी देईना.

पहिली उपयुक्त खबर पायथ्याच्या वस्तीतून आली. तेथील पोलीस पाटील एक बौद्ध समाजातील बाई होत्या. आवाज खणखणीत, जीभ त्याहून.

"साहेब, तुम्ही विहिरीत गळ टाकून बसलात म्हणं," त्या ठाण्यात येताच म्हणाल्या. "विहिरीत काय घावतंय? नाना तर गाडीत बसून गेले."

"तुम्ही पाहिलेत?"

"मी न्हाई, माझ्या जाऊबाईनं. सरपण आणाया गेल्ती. घाटाच्या वळणावर पांढरी जीप हुती. नानाला कुनी ओढलं न्हाई, ढकललं न्हाई. हाताला धरून बसवलं, जावई बसवावा तसं."

"मग इतका वेळ सांगितले का नाही?"

"तिला वाटलं, देवाचं मानूस, कुठंतरी पूजेला चाल्लं असंल. गावात बोंब झाली तवा तिच्या ध्यानात आलं." मग जाता जाता त्या वळल्या. "आन् साहेब, मुजावर चाचाकडं जीप न्हाई. त्यांच्याकडं एक शेळी हाय, ती बी लंगडी."

या खबरीने तपासाची दिशा ठरली. नाना स्वेच्छेने गेले होते, अर्थात विश्वासातल्या माणसाबरोबर. पण ते परतले नव्हते, म्हणजे फसवून नेलेले असणार; म्हणून हरवल्याच्या नोंदीचे रूपांतर आम्ही अपहरणाच्या गुन्ह्यात केले. पांढऱ्या जीपा मात्र त्या परिसरात वाटेल तेवढ्या होत्या.

गुरुवारी सकाळी मी मुजावराला चौकशीसाठी बोलावले. खरे सांगायचे तर त्यात तपासापेक्षा संरक्षणाचा भाग अधिक होता. गावात डोकी तापली होती, आणि ठाण्यातील बाक हीच त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा होती. तो साठीचा, सडपातळ, दाढी मेंदीने रंगवलेला. सर्वजण त्याला चाचा म्हणत. मी नियमाप्रमाणे प्रश्न विचारू लागलो. मंगळवारी कुठे होतात, नानांना शेवटचे कधी पाहिले, काही बोलाचाली झाली होती काय. चाचा उत्तरे देत होता, परंतु त्याचे लक्ष खिडकीबाहेरच्या उन्हाकडे होते.

"चाचा, माझ्याकडे पाहा. इतके अस्वस्थ का आहात?"

"साहेब, मला कोठडीत घाला, पर एक काम करा. आज जुम्मेरात हाय."

"मग?"

"नाना जेवणार न्हाईत हो! पानी बी घेणार न्हाईत. जिथं हायेत तिथं त्यांना लोबान कोन दील?"

मला काही कळेना. तेव्हा त्याने जी हकिगत सांगितली, ती ऐकताना माझी लेखणी थांबली. नानांच्या आईची मुले जगत नव्हती. नाना झाले तेव्हा तिने दर्ग्यावर येऊन नवस बोलला होता: हे मूल वाचले तर जन्मभर दर गुरुवारी दर्ग्याच्या लोबानाचा धूर अंगावर घेतल्यावाचून ते अन्नपाण्याला शिवणार नाही. मूल वाचले. आईचा शब्द नानांनी आयुष्यभर पाळला. दर गुरुवारी देवीची पूजा आटोपून ते माळावर येत, चाचा निखाऱ्यावर लोबान टाकून धुपाटणे घेऊन येई, नाना धूर घेत आणि मग घरी जाऊन जेवत. चाचाआधी त्याचे वडील हे करीत.

"हे गावाला ठाऊक आहे?"

"जुन्या मान्सांना हाय. आता कोन इचारतं? नाना कुनाला सांगत न्हाईत, मी बी न्हाई. ते आन् मी आन् वरचा." त्याने डोळे पुसले. "एकदा मला ताप हुता, साहेब. दुपार कलली तरी मी गेलो न्हाई. तर हे म्हातारं घरी आलं की! म्हनलं, झोपून राहिलास का रे, मला मारतोस का उपाशी?"

तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ आरोपींना रडताना पाहिले होते. स्वतःवर बालंट आले असताना दुसऱ्याच्या जेवणासाठी रडणारा संशयित मी प्रथमच पाहत होतो. त्या क्षणी माझ्यापुरते चाचाचे निर्दोषत्व सिद्ध झाले. पण माझी खात्री न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि चौकात जमलेल्या लोकांना तर ती मुळीच चालली नसती.

त्याच दिवशी सायंकाळी मी शांतता समितीची बैठक बोलावली. मठाचे महंत आले, नानांचा पुतण्या आला, पोलीस पाटील बाई आल्या, चाचा एका कोपऱ्यात बसला. शेठ उशिरा आले आणि आल्याबरोबर उभे राहून बोलू लागले. कपाळावर देवीचे ठसठशीत कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. दर मंगळवारी ते अनवाणी शिखर चढत, हे मला माहीत होते, आणि त्यांच्या त्या भक्तीत खोटेपणा नव्हता हेही मी येथे नमूद करतो.

"साहेब, दोन दिस झाले! आमचा देवमाणूस कुठं हाय? आरोपी समोर बसून राहिलाय आन् तुम्ही त्याला चहा पाजून राहिलात!"

"पुरावा द्या, शेठ. आत्ता अटक करतो."

"पुरावा काय द्यायचा? सगळं गाव सांगतंय की. आम्ही तर त्या दर्ग्याच्या वाऱ्याला बी उभं राहत न्हाई."

हे बोलत ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले, खांद्यावरचे उपरणे झटकून त्यांनी मांडीवर घेतले, आणि मला वास आला.

देवघरात वाढलेल्या माणसाला गुग्गुळ, राळ, ऊद आणि लोबान यांतील भेद सांगावा लागत नाही. तो लोबान होता. ताजा, दाट, कापडात मुरलेला. जो मनुष्य दर्ग्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, त्याच्या उपरण्यात गुरुवारी लोबानाचा धूर कोठून आला?

मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. समितीचे आभार मानले आणि बैठक संपवली. सर्व जण गेल्यावर आमचे हवालदार, मूळचे देगलूरकडचे, दार लावून माझ्याकडे आले. ते हसत होते.

"साहेब, मला एकट्यालाच आला का?"

"काय?"

"वास, साहेब. शेठ उरुसातनं आल्यासारखे वाटले."

दोन साक्षीदारांची नाके जुळली होती. पण नाकाचा पंचनामा होत नाही.

पुढील दिवसांत आम्ही शांतपणे माहिती काढली. शेठकडे पांढरी जीप होती, आणि मंगळवारी ती गावात नव्हती. त्यांचा मोबाईल मंगळवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवस बराच वेळ बंद होता. त्यांच्या आणि नातलगांच्या नावे जमिनी होत्या: रेणापुराजवळ, औशाच्या बाजूला, अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात, आणखीही कोठे असतील. एका ठिकाणी चुकीचा छापा पडला की दुसऱ्या ठिकाणाहून नानांना हलवले जाणार, हे उघड होते. ऐंशीच्या माणसाला फरफटत नेणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. शेठवर पाळत ठेवली, तर ते गावातून हललेच नाहीत. रोज मंदिरात, रोज चौकात, रोज ठाण्यासमोर घोषणा.

इकडे सुनावणी सोमवारवर आली होती. नानांवाचून ती झाली असती तर माळ जाणार होता, आणि चाचाचे नाव कायमचे काळवंडणार होते. पुतण्या येऊन बसे आणि नुसता म्हणे, "साहेब, काका परत येतील ना?"

मी पूजेच्या वेळी या प्रकरणाचा विचार करीत असे, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. एके सकाळी अभिषेक करताना एक गोष्ट लख्ख झाली. शेठने नानांना पळवले खरे, पण त्यांना गुरुवारी लोबान नेऊन दिला. का? कारण नाना जेवेनात. आणि देवीचा पुजारी, ज्याने आपल्या कपाळी आजवर कुंकू लावले, तो आपल्या कैदेत उपाशी मेला तर आपल्या वंशाला ब्रह्महत्या लागेल, या भयाने हा मनुष्य पोखरला होता. लोबान आणायला गड्याला सांगितले असते तर प्रश्न उठले असते, म्हणून तो स्वतः गेला. याचा अर्थ येत्या गुरुवारीही त्याला जावेच लागणार होते. त्याचा पाठलाग घाटातल्या निर्मनुष्य रस्त्यावर लपला नसता. मग त्याला जाऊच दिले नाही तर?

गुरुवारी सकाळी मी शेठना निरोप पाठवला: आपण वारंवार मागणी करता त्याप्रमाणे आपला सविस्तर पुरवणी जबाब नोंदवायचा आहे, कृपया या. शेठ आपल्या समर्थकांना घेऊनच आले. ती मंडळी बाहेर लिंबाखाली बसली आणि घोषणा देऊ लागली. हे मला हवेच होते. स्वतः आणलेल्या गर्दीसमोर जबाब अर्धा टाकून उठणे शेठना शक्य नव्हते.

मी जबाब स्वतः लिहायला घेतला. माझे अक्षर वळणदार आहे. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक वळणदार झाले.

"आपले शिक्षण कोठे झाले?"

"साहेब, त्याचा इथं काय संबंध?"

"साक्षीदाराची पार्श्वभूमी पूर्ण हवी. उद्या कोर्टात वकील विचारतात. बरे, नानांशी आपला परिचय केव्हापासूनचा? त्यांच्या आवडीनिवडी, आहार, नेम, काही ठाऊक?"

शेठ घुटमळले. "न्हाई. पुजाऱ्याचं काय, सोवळंओवळं असंल."

मी तेही लिहिले, आणि वाचून दाखवले, आणि एक विरामचिन्ह दुरुस्त केले. हवालदारांनी चहा आणला. बाहेर घोषणा मंदावल्या, कारण लिंबाची सावली सरकली होती. शेठ मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. मग खिडकीकडे. मग पुन्हा घड्याळाकडे.

"साहेब, मला जरा कामाला जायचं हुतं."

"अवश्य. एवढे संपले की. आपणच म्हणालात, पोलीस कुचराई करतात."

ते फोन करण्यासाठी मागील ओसरीत गेले. हवालदार तेथे हौदाजवळ बादली विसळत उभे होते. परत येऊन त्यांनी माझ्या कानाशी सांगितले, "साहेब, पलीकडच्या माणसाला म्हणत होते, पानी बी घेईना का? तोंडाला लावून तरी बघ म्हणून."

शेठ आत आले तेव्हा कपाळावरचे कुंकू घामाने ओघळले होते. ताण माझ्याही मनावर होता. एक वृद्ध मनुष्य कोठेतरी तहानलेला बसला होता आणि मी सावकाश अक्षरे काढीत होतो. मी मनोमन देवीची क्षमा मागितली, लेखणी खाली ठेवली आणि शेठकडे पाहिले.

"शेठ, आज गुरुवार. नानांनी अजून पाणी घेतले नसेल. नाही का?"

त्यांचा हात नकळत उपरण्याकडे गेला.

"लोबान गाडीत आहे की खिशात?"

कोणी अंगावर हात टाकला नाही, कोणी आवाज चढवला नाही. शेठनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यावर डोके टेकले.

"साहेब, म्हातारं मरंल हो," ते म्हणाले. "मला काय बी करा, पर आदी तिकडं मानूस पाठवा. अर्धापूरच्या रानात हाय. माझ्या मेव्हण्याच्या आखाड्यावर. सुनावनी झाली की सोडनार हुतो, देवीची आन."

त्यांचा कबुलीजबाब कागदावर यायला पुढे वेळ लागला, परंतु हकिगत त्यांनी तेथेच सांगितली. नानांना ते म्हणाले होते की गावात दंगल होणार आहे, चाचानेच तुम्हाला चार दिवस बाहेर न्यायला सांगितले आहे. नाना विश्वासाने बसले. आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरच्या, गड्याला सांगितले होते, हा माझा डोके फिरलेला चुलता आहे, काही बोलला तरी फाटक उघडू नको. सुनावणीसाठी परत नेण्याचा हट्ट नानांनी धरला तेव्हा त्यांची काठी काढून घेतली.

शेठना ठाण्यात ताब्यात ठेवून मी अर्धापूरच्या सहकाऱ्यांना फोन केला आणि जीप काढली. पुढे चाचाला बसवले. त्याला मी सकाळीच धुपाटणे, कोळसे आणि लोबान घेऊन ठाण्याच्या मागच्या खोलीत बसवून ठेवले होते. घाट उतरताना त्याने ते धुपाटणे मांडीवर लेकरासारखे धरले होते.

वाटेतच अर्धापूरहून फोन आला. "सर, बाबा सापडले. ठीक आहेत. पण पाणी घेईनात. म्हणतात, लोबान आणा."

"त्यांना सांगा, चाचा निघाला आहे."

पलीकडे काही बोलणे झाले, आणि मग तो सहकारी हसत म्हणाला, "सर, ते म्हणतात, चाचा येतोय ना, मग थांबतो. इतका थांबलो, आणखी थोडा."

उन्हे कलली तेव्हा आम्ही केळीच्या बागेत पोहोचलो. लोंगर लटकलेल्या झाडांमधून पायवाट आत जात होती. शेवटी पत्र्याचा आखाडा, दोन बैल, आणि बाजेवर ताठ बसलेले नाना. ओठ सुकलेले, धोतर मात्र स्वच्छ धुतलेले. चाचाला पाहून त्यांनी प्रथम जे शब्द उच्चारले, ते मी जसेच्या तसे देतो.

"आलास? दिवस बुडायला आला की रे! वाटेत झोपलास का?"

चाचा रडत होता आणि फुंकर घालून निखारा फुलवीत होता. "नाना, माझ्यावर आळ घेतला हो गावानं. म्हनले, मीच तुम्हाला खाल्लं."

"तू मला खाणार? तुझे दात किती उरलेत?"

सगळे हसले. तो गडीसुद्धा, ज्याला आम्ही नुकतेच ताब्यात घेतले होते. लोबान निखाऱ्यावर पडला. नानांनी डोळे मिटून धूर छातीवर, कपाळावर, मस्तकावर घेतला. मग मी माझ्या हाताने त्यांना पाणी दिले. त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"मागल्या गुरुवारी त्या शेठनं आणला होता. म्हणाला, चाचानं पाठवला. धूर घेताच मला कळलं, हा बाजारचा आहे, निम्मी राळ. तेव्हाच समजलो, साहेब, की मी पाहुणा नाही."

"मग घेतलात कसा?"

"आईचा नेम धुराचा होता. भेसळीचं पाप विकणाऱ्याचं."

नानांना घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढलो तेव्हा वळणावळणावर माणसे उभी होती. पायथ्याच्या वस्तीत पोलीस पाटील बाईंनी जीप अडवली, नानांच्या पायांवर पाणी घातले आणि चाचाकडे वळून म्हणाल्या, "चाचा, आता गावाला म्हना, दूध घालायला या. पर आदी त्या लंगड्या शेळीचं दूध तुमच्याकडनं इकत घ्या म्हनावं." माळावर मंदिराचा नगारा आणि दर्ग्याचा डफ एकाच वेळी वाजत होते, आणि दोघांचा ठेका मुळीच जुळत नव्हता. इतका सुंदर बेताल मी पुन्हा ऐकला नाही. ज्यांनी चाचाच्या सुनेला भाजी नाकारली होती, त्यांपैकी एकाने भाजीची अख्खी पाटी तिच्या दारात नेऊन ठेवली आणि निघून गेला.

सोमवारी प्रांत कार्यालयात नानांची साक्ष झाली. प्रांतसाहेबांनी विचारले, "हा माळ कोणाच्या मालकीचा आहे, असे आपले म्हणणे आहे?"

नाना म्हणाले, "पालखी टेकते, संदल टेकतो, मठाची भिक्षू मंडळी टेकतात, लेण्याला जाणाऱ्या बाया लेकरं उतरवून टेकतात. मी लहानपणापासून हेच बघत आलो. विसाव्याच्या जागेला मालक आला, की मग तिथं विसावा राहत नाही, साहेब. एवढंच मला ठाऊक आहे."

माळ सर्वांच्या वहिवाटीचा म्हणून कायम राहिला. त्या वर्षीच्या उरुसात नानांनी संदलाचे ताट डोक्यावर घेतले तेव्हा मी गणवेशात बंदोबस्ताला उभा होतो. माझ्या संपूर्ण नोकरीत इतका निरुपयोगी बंदोबस्त मी केला नाही. सांभाळायला काही नव्हतेच. आमचे हवालदार तर काठी भिंतीला लावून लोकांना पाणी वाटीत होते.

निवृत्तीनंतर तरुण अधिकाऱ्यांशी बोलण्याचा प्रसंग येतो तेव्हा मी त्यांना हे प्रकरण सांगतो. गुन्हेगाराने काय केले, हे सर्व जण शोधतात. त्याला काय करवले नाही, हेही शोधा, असे मी सांगतो. शेठने विश्वासघात केला, वृद्ध मनुष्याला डांबले, एका निरपराध्यावर गाव सोडले. एवढे सर्व त्याच्या हातून झाले, पण एका आईचा नेम मोडणे त्याला झेपले नाही. माणसाच्या आत धर्माची जी शेवटची रेघ असते, ती पुष्कळदा अगदी अनपेक्षित ठिकाणी असते. त्या रेघेपाशी जो थांबतो, तो सापडतो. आणि जो थांबतो, त्याच्याशी अजून बोलता येते. हे पाठशाळेत मला कोणी शिकवले नव्हते, प्रशिक्षण केंद्रातही नाही.

त्या गुरुवारी अर्धापूरचे सोपस्कार आटोपून मी दिवेलागणीच्या सुमारास ठाण्यात फोन केला आणि कोठडीची विचारपूस केली. ठाणे अंमलदार म्हणाले, आरोपीपुढे केव्हाचे ताट ठेवले आहे, तो घासाला शिवत नाही, एकच विचारतो आहे. मी फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला.

"साहेब," शेठचा आवाज आला, "नाना जेवले का?"

"जेवले," मी म्हणालो. "दोन भाकरी."

पलीकडून पितळी ताट जमिनीवर सरकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.